वाइनोनं न वाचलेलं प्रकरण

मार्लिस थापा मारणारी बाई नाही. आमच्या डुलुथ गावात कुणालाही विचारा. म्हणून तिच्या घरी घडलेलं हे जसंच्या तसं सांगतोय...

जानेवारीतली भर दुपार होती. गावालगतचं सरोवर गोठलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही.

मार्लिस वडिलांच्या जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवत बसली होती. तिचे वडील, वाइनो, अंधांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचे. आता तिची आई, हेल्मी, स्वतःच आंधळी झाली होती. नवऱ्याच्या आवाजातली दीपगृहाची कादंबरी तिला मरायच्या आत पुरी ऐकायची होती. तेवढं एकच मागणं.

शेवटची सीडी संपली आणि मार्लिसनं सगळा डबा पुन्हा चाळून पाहिला.

शेवटचं प्रकरण नव्हतंच.

ते वाचायच्या आधीच बाबा गेले होते.

आईला हे सांगायचा तिला धीर होईना. वाचणारे लोक खोलीची नुसती शांतताही थोडी रेकॉर्ड करून ठेवतात. आवाजात काटछाट झाली, की ठिगळ लावायला ती कामी येते. मार्लिसनं तीच शांतता शेवटच्या प्रकरणाच्या जागी पुन्हा पुन्हा चिकटवली. आईला तोवर डुलकी लागेल, असा तिचा अंदाज.

आई कानाला हेडफोन लावून विणत बसली.

शांतता सुरू झाली...

सुया थांबल्या नाहीत.

बऱ्याच वेळानं आईनं डोळे पुसले. "म्हातारा शेवटपर्यंत दिवा विझवत नाही गं. पोरीची वाट बघत बसतो."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या बाबानं. आत्ताच वाचलं की. घसा बसलाय मेल्याचा, स्कार्फ म्हणून घालायचा नाही."

मार्लिसनं बाबांच्या पेटीतून छापील पुस्तक काढलं. ते आईनं कधी हातातही धरलं नव्हतं. तिनं शेवटचं पान उघडलं.

दिवा जळत होता. म्हातारा पोरीची वाट बघत होता...

मार्लिसनं ती फाइल स्वतः ऐकली. नुसती शांतता.

वसंतात आई गेली. मयतानंतर घरी ठेवलेली कॉफी पिऊन पाहुणे पांगले, घर खायला उठलं. आईची फार आठवण आली म्हणून मार्लिसनं तीच फाइल लावली.

शांतता...

मग टिक, टिक... विणायच्या सुया.

पान उलटल्याचा आवाज.

मग कुणीतरी एक खुर्ची पुढे ओढली. आणि सुया थांबल्या.

मार्लिसनं हेडफोन काढून ठेवले.

ती फाइल तिनं पुसलेली नाही. परवा तिच्याकडे कॉफी पिताना मी न राहवून त्या फाइलबद्दल विचारलं, तर कपात बघत म्हणाली, "खुर्ची ओढल्यापासून बाबा पुढचं वाचत नाहीत. दोघं थांबलेत."

कुणासाठी, ते मी विचारलं नाही.