नऊ खोल्यांना नकार

"अहो, भिंतीतून आलात तुम्ही."

मी थांबले. मागे वळून पाहिलं. मागे कातळ होता, वाळलेलं गवत होतं, आणि त्यापलीकडे मला उतरवून निघालेली एसटी होती. भिंत नव्हती.

"दार तिकडे आहे," तो म्हणाला. उंच, सावळा, हातात चुन्याच्या फक्कीचं घमेलं, केसांतही फक्की. चेहऱ्यावर हसू नाही. तीच तर पंचाईत… हसला असता तर मी रागावून निघून गेले असते.

खाली पाहिलं. पायाखालून पांढरी रेघ गेली होती. बांधकामाआधी घर जमिनीवर आखतात, तसं कुणाचं तरी घर आखलं होतं आणि मी थेट आत उभी होते.

"ही कुठली खोली?"

"देवघर."

मी चपला काढल्या. उघड्या माळावर, भर दुपारी. का काढल्या ते मला अजूनही सांगता येत नाही. त्याने मात्र मान डोलावली, पाहुणी समंजस निघाली म्हणून.

"चहा टाकायला सांगितलं असतं, पण स्वयंपाकघर फार लांब आहे."

"खोल्या किती?"

"नऊ."

"आणि राहणार किती जण?"

तो पहिल्यांदाच गडबडला. "तीन… आई, बाबा, मी. चौथं माणूस… अजून ठरायचंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग घमेल्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे. मी चपला उचलल्या आणि दारातून बाहेर पडले. दार सापडायला जरा वेळ लागला. लागावा असंच मला वाटत होतं, ती गोष्ट वेगळी.

त्याचं नाव लवू. खेडच्या डेपोत मेकॅनिक. मी मैना. खेडला राहायचे आणि त्यांच्या वाडीत दुपारी शिवणाचा क्लास घ्यायचे. वाडीत जायला चांगला रस्ता होता. त्या दिवसानंतर मी तो वापरला नाही.

पौष लागला. आंबे मोहरले, आणि वारा आला की सगळ्या नऊ खोल्यांत एकदमच वास भरायचा. मी दारातून आत यायचे, तो उंबऱ्याशी उभा असायचा. एकदा माजघरात बसून आवळे खाल्ले. एकदा तो मला माडीवर ये म्हणाला. मी म्हटलं, आधी जिना तर आख.

"ही खोली कुणाची?" मी विचारायचे.

"मोठ्या दादाची. मुंबईला असतो. गणपतीत येतो."

"आणि ही?"

"मधल्या दादाची. मुंबईला."

"ही?"

"टीव्हीची."

"टीव्ही कुठाय?"

"मुंबईला," तो म्हणाला. "तोही गणपतीत येईल म्हणतायत."

मी हसले. घरी जाऊन मात्र विचारात पडले. मी वाढले अलोऱ्याच्या कॉलनीत. माझे वडील, अण्णा, कोयना प्रकल्पात फिटर. तिथे खोल्या हुद्द्यावर मिळायच्या. साहेब एकटा असला तरी त्याला बंगला, आणि आम्ही सहा जण दीड खोलीत. इथे खोल्या गणपतीच्या पाहुण्यांवर ठरत होत्या. पाच दिवसांचे पाहुणे. आत रोज कोण राहणार, हे तिकडेही कुणी विचारलं नव्हतं आणि इकडेही नाही.

"मैना…" एका संध्याकाळी लवू म्हणाला. "बाबांशी बोलू का?"

"कशाबद्दल?"

"चौथ्या माणसाबद्दल."

मोहोर गळून माझ्या केसांत पडला होता. तो काढायला त्याने हात उचलला, मग स्वतःचाच कान खाजवला.

"बोल," मी म्हटलं. "पण नऊ खोल्या मी झाडणार नाही. सारवणार तर नाहीच. लग्न तुझ्याशी करीन, तुझ्या दादांच्या रिकाम्या खोल्यांशी नाही."

"बाबा ऐकायचे नाहीत."

"मग मीही नाही ऐकायची. बघू कोण आधी दमतं."

लवूचे बाबा रावजी. सारा जन्म बोटीवर काढून घरी परतलेला माणूस. वाटणीत आलेल्या दोन खोल्यांत तिघं राहत होती. मी गेले तेव्हा रावजीकाका बाकड्यावर होते आणि लवूची आई, गंगुबाई, चुलीपाशी.

"पोरगी चांगली हाय," काका बायकोला म्हणाले, मी समोर बसलेली असताना. "पण ही अट कसली? अट मुलीकडच्यांनी घालायची?"

"झाडणाऱ्याने घालायची," मी म्हटलं.

"अगो पोरी, जन्मभर फळीवर झोपलो. वर एक खलाशी, खाली एक. मधल्याने कूस बदलली की तिघांची झोप मोडायची. तवाच ठरवलं, बांधीन तर नऊ खोल्यांचं. घर आधी, लगीन मागनं."

"काका, झबलं शिवताना पोर पुढे पैलवान होईल म्हणून मी पैलवानाचा सदरा शिवत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे आज त्यात बाळ हरवेल."

गंगुबाई चुलीपाशी खोकल्या. ते हसणं होतं, पण नवऱ्याला इतक्या वर्षांत तो खोकलाच वाटत आला असावा.

"मग नाय जमायचं," काका म्हणाले.

लवू "बाबा…" म्हणत पुढे झाला. मी उठले. डोळ्यांत पाणी यायच्या आत दार गाठायचं होतं. गाठलं, आणि तिथेच मला राग आला.

"काका, एक दिवस राहून बघू या. त्याच आखलेल्या घरात. जमलं, तर नऊच्या नऊ खोल्या जन्मभर सारवीन, तोंडातून अक्षर काढणार नाही. नाही जमलं, तर घर आमच्या मापाचं."

बोटीवरच्या माणसाला पैज लावली की त्याचं वय उतरतं. काका ताठ बसले. "रविवारी. नियम एकच. भिंतीतून जायचं नाय."

रविवारी आम्ही राहायला गेलो. स्टोव्ह, कपबश्या, खराटा, एक खुर्ची. काका पडवीत बसले. गंगुबाई स्वयंपाकघरात, पार मागे.

"चहा आण गो!" काका ओरडले.

"आले!"

"तुम्हाला ऐकू आलेलं नाही," मी गंगुबाईंना सांगितलं. "मध्ये चार भिंती आहेत."

गंगुबाई लगेच बहिऱ्या झाल्या. काका तीनदा ओरडले. शेवटी स्वतः उठले, ओटीवरून माजघरात, माजघरातून बोळात आले आणि दाराशी उभे राहून शांतपणे म्हणाले, "चहा." मग त्याच वाटेने परत गेले. मागोमाग गंगुबाई कप घेऊन प्रत्येक दारातून वळत वळत पोचल्या. चहा निवला होता. काका तो प्यायले आणि उत्तम झालाय म्हणाले. माणूस खोटं बोलताना इतका एकटा दिसलेला मी पाहिला नव्हता.

तेवढ्यात शेजाऱ्यांची म्हैस आली. दारं तिला कुणी समजावलेली नव्हती.

"हड्! देवघरात शिरली!" काका धावले.

"बाबा, भिंत!" लवू ओरडला.

काका रेघेवर थबकले, मागे फिरले, आणि पडवी, ओटी, माजघर असं घर फिरून देवघरात पोचले. म्हैस तोवर मोठ्या दादांच्या खोलीत बसली होती.

"बसू दे," मी म्हटलं. "वर्षातून पाच दिवस उठवली म्हणजे झालं."

काकांनी म्हशीकडे पाठ फिरवली. पण हरले नव्हते. "झाडलोट ऱ्हायली," ते म्हणाले. "दाखव झाडून."

मी खराट्याला हात घातला, तर गंगुबाईंनी तो आधीच उचलला. "तू पाहुणी हायस अजून."

त्या मागून झाडत निघाल्या. कोठी झाली. स्वयंपाकघर झालं. बोळात त्यांनी कंबर धरली. मधल्या दादांच्या खोलीशी त्या थांबल्या, उन्हात डोळे बारीक करून पुढच्या खोल्या पाहिल्या… आणि खराटा सरळ रेघेवरच चालवला. पांढरी धूळ उडाली. भिंत गेली.

"अगो, भिंत झाडतेस!"

"धूळ हाय ती. झाडायलाच सांगितलंत ना?"

दुसरी रेघ गेली. टीव्हीची खोली गेली. म्हशीच्या भोवतीनेही त्यांनी नीट झाडून घेतलं.

"गंगे!"

"तुम्ही बोटीवर तिघं एकावर एक झोपत होता म्हणता," गंगुबाई म्हणाल्या. खराटा थांबला नव्हता. "मी हितं एकटी होते, वाटणीआधीच्या घरात. चौदा माणसांच्या घरातनं एकेक जण मुंबईला गेलं, आणि अंधारलं की मी एकटी सगळ्या खोल्यांतनं दिवा फिरवायची. रिकाम्या खोल्या जन्मभर राखल्या मी, ओ. आता ह्या पोरीला राखायला लावायच्या?"

काकांनी पुसलेल्या रेघांकडे पाहिलं. "आणि गणपतीत पोरं झोपतील कुठं?"

"मांडवात. रातभर भजन असतं. गणपतीत खोलीत झोपलाय कोण कवा?"

काकांनी टोपी काढली, परत घातली. मग अगदी हळू म्हणाले, "मला… हात पसरून झोपता आलं पायजे. एवढंच."

माझ्या पिशवीत टेप होताच. काकांनी दोन्ही हात पसरले, डोळे मिटून, आणि मी या बोटापासून त्या बोटापर्यंत माप घेतलं. त्यांची खोली तेवढी, वर हातभर जास्त. एक आमची. एक स्वयंपाकघर. पुढे पडवी, तीही हाक ऐकू येईल इतकीच. लवूने नवी फक्की टाकली. दोरी मी धरली.

शेवटच्या रेघेशी तो घुटमळला.

"या बाजूचे चिरे एकाआड एक बाहेर सोडू या. भिंतीला दात ठेवल्यासारखे. म्हणजे पुढे खोली जोडता येते… लागली तर."

"कधी लागेल?"

"ते मी एकट्याने कसं सांगू?"

कानाच्या पाळ्यांपर्यंत तो लाल झाला होता.

"दोन्ही बाजूंना सोडू?" त्याने विचारलं.

"एका. दुसऱ्या बाजूला मला अबोली लावायचीय."

"म्हणजे… तू हो म्हणालीस, असं समजू?"

"समजू काय? विचार की. काका-काकूंसमोर विचार."

त्याने विचारलं. आवाज फुटला, पण विचारलं. मी हो म्हटलं, त्याच्यापेक्षा मोठ्याने. मग त्याने फक्कीने माखलेल्या हातात माझा हात घेतला, भर उन्हात, आईबापांदेखत, आणि सोडला नाही. रस्त्यावरून मंडणगडची गाडी चालली होती. सगळ्या खिडक्यांतून माणसं आमच्याकडे बघत होती.

बघू देत. भिंती अजून व्हायच्या होत्या.