लॅपटॉपवर कामिलचं नाव

"भंगार झालं हे," दुकानाच्या मालकानं लॅपटॉप न उघडताच निकाल दिला. "जुन्या विंडोजचे अपडेट बंद झाले. नवीन घ्या, ताई."

मुबशिराच्या डोक्यात तिडीक गेली. परतीच्या पावसात भिजत, लॅपटॉप ओढणीत गुंडाळून ती पेठ वडगावहून शाहूपुरीत आली ती हे ऐकायला? ह्याच स्वस्तातल्या लॅपटॉपवर ती मशीनच्या भरतकामाची डिझाइनं काढायची. निम्म्या वडगावच्या नवऱ्या तिची वेलबुट्टी अंगावर घालून सासरी गेल्या होत्या.

"चांगला चालतोय की. चालत्या माणसाला कुणी पुरतंय व्हय?"

आतल्या टेबलावर दुरुस्तीला बसलेला कामिल खुदकन हसला.

"मालक, नोंदणी केली की आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळत्यात ह्याला. द्या हिकडं."

मालकानं डोळे वटारले. कामिलनं तिकडं बघितलंच नाही. तो मुबशिराकडं बघत होता. तिनं नजर वळवली... जरा उशिरानंच.

"आणि वर्षानंतर?"

"परत या की. मी हाय."

घरी लॅपटॉप उघडला तर पडद्यावर नाव – कामिल! गड्यानं गडबडीत तिच्याऐवजी स्वतःच्याच खात्यानं नोंदणी केली होती. उद्या बदलून आणू, असं रोज म्हणत तिनं ते तसंच ठेवलं.

आणि हातकणंगल्याचे पाहुणे तिला बघायला आले. मुलाच्या आईला डिझाइनं बघायची होती. लॅपटॉप उघडला, आणि सगळ्यांसमोर कामिल हजर.

"हा कोण?"

"दुरुस्ती करणारा," मुबशिरा म्हणाली. अर्धं खरं होतं ते.

"असू दे," मुलाची आई म्हणाली. "लग्नानंतर हे काम बंदच करायचं हाय."

मुबशिराचे कान तापले. "हे बंद व्हणार न्हाय. बंद करायचं तर ही बोलणी करा."

अब्बांनी मान खाली घातली. हसू लपवायला, हे तिला पाहुणे गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात उभी.

"तुमच्या नावापायी घरात गोंधळ झालाय. चुकून केलं का मुद्दाम?"

"चुकूनच," कामिल ओशाळला. "मालक डाफरत होते, आणि... तुम्ही समोर हुता." त्यानं लॅपटॉप ओढून घेतला. "काढतो नाव."

तिनं झाकण मिटलं, त्याच्या बोटांवर, अगदी हळू.

"ऱ्हाऊ दे. रविवारी घरी या, अब्बांना भेटायला."

मालक पुढून ओरडला, "रविवारी दुकान उघडं हाय, कामिल!"

"मी न्हाय, मालक," कामिल जागेवरूनच म्हणाला. मग आवाज खाली आणून, "अब्बा इचारतील, हा कोण. दुरुस्ती करणारा म्हणून सांगा."

"ते एकदा सांगून झालंय," मुबशिरा म्हणाली. "ह्या वक्ताला खरं सांगणार हाय."