हट्टी अंगठा

"तुमचा अंगठा भलताच हट्टी आहे हो!"

ओळख ना पाळख, आणि हे पहिलंच वाक्य! कोरियातल्या जोंजू शहरातल्या आमच्या धनुष्यबाणाच्या मैदानावर गिंकोच्या झाडांची पिवळी पानं भुरभुरत होती. मी नुकतीच हिरमुसून रेषेवरून मागे आले होते. दोरी आम्ही अंगठ्याने ओढतो. ओढायचे झकास, पण अंगठा उघडायचाच नाही... महिनाअखेरच्या परीक्षेतही असंच झालं तर धनुष्य कायमचं सोडायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

बोलणारा थेग्योम. विद्यापीठात शरीराच्या हालचालींचा अभ्यास करणारा, आणि गालावर नको तेव्हा खळी पडणारा.

"निशाण हलत नाही, घाई कुणाची नाही. सुरुवात आपल्याच मर्जीने करायची," तो म्हणाला. "अशा कामात मेंदू उगाच नाक खुपसतो. चेंडू अंगावर आला की त्याला तेवढी सवडच नसते."

मग रोज संध्याकाळी टेबल टेनिस. चेंडू आला की हात आपला आपण धावायचा! मी खिदळायचे. त्याच्याकडे बघताना काही चेंडू हुकायचे, ते सोडा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पुन्हा रेषेवर उभी राहिले. "धनुष्य शिकते आहे," रिवाजाप्रमाणे वाकून म्हणाले. "भरपूर नेम लागोत," सगळे म्हणाले, आणि मग चिडीचूप. रेषेवर कुणी असताना बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कडक नियम. दोरी ओढली. अंगठा पुन्हा दगड...

"ह्येरांग, मला तू आवडतेस!"

बाण सुटला! कुठे गेला देव जाणे. आम्हाला धनुष्य शिकवणारे गुरुजी कडाडले, "बोलायला हीच जागा सापडली का रे?"

माझे डोळे भरून आले. "हा उपचार होता ना?"

"नाही—" तो म्हणाला. "उपचार ठरवून करतात. हे... निसटलं."

मी पुन्हा निशाणाकडे वळले. दुसरा बाण लावला. या वेळी त्याने ओठ घट्ट मिटून घेतले होते. दोरी ओढली, श्वास हळूच सोडला आणि अंगठा उघडला. मी उघडला! दूरवर निशाणाच्या फळीवर ठक्क वाजलं.

धनुष्य ठेवून मी त्याच्यासमोर गेले. गुरुजींच्या देखत त्याचा हात धरला.

"मघाशी बाण दचकून सुटला," मी म्हणाले. "हा हात मात्र... ठरवून धरलाय."