शरदचंद्रचा अंगठा

बस, अनिमेष. लाइट येईल तेव्हा येईल, सूसला हे रोजचंच आहे. मेणबत्ती पुरे. शरदचंद्रच्या राहिलेल्या कपाटाचं काय करायचं, हे विचारायला शारदामावशीने तुला पाठवलंय ना? सांगतो. पण त्यातलं एक रिव्हॉल्वर मी नेलं होतं, ते आधी ऐक.

तुझ्या मावशीचा नवरा शरदचंद्र आणि मी एकाच खुळाचे. काउबॉयच्या कमरेला असायची तसली जुनी रिव्हॉल्वरं. आमची सगळी मुकी, नळीत पोलाद भरलेलं, पिन काढलेली. नुसता ट्रिगर दाबून त्यांचं काही होत नाही. दर वेळी अंगठ्याने मागचा हॅमर ओढावा लागतो. टक… टक… टक… टक. त्या आवाजासाठी मी जेवणावरून उठलोय. अंगठा नसेल तर ते नुसतं लोखंड.

त्याच्याकडचं एक सगळ्यांत देखणं होतं, सांबरशिंगाच्या मुठीचं. हॅमरच्या टोकावर अंगठ्याने झिजून खळगा पडलेला. मला तो कधी हात लावू द्यायचा नाही. “त्यावर माझा अंगठा बसलाय,” म्हणायचा. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात, माझ्याने ते होणार नाही. शरदचंद्र दुष्ट होता. मुठा गावातल्या बंगल्याला त्याने अंगठ्याचं कुलूप बसवून घेतलं होतं, आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून. उघडायचं फक्त त्याच्या अंगठ्याने. मागच्या दाराची किल्ली त्याच्या खिशात. तुझी मावशी त्या घरात कशी राहिली असेल, याचा विचार करून मला आजही संताप येतो.

तो गेला उन्हाळ्यात. राखणदार नथूने मागच्या दाराचं कुलूप फोडलं. पुढचं दार तसंच राहिलं. “असू दे,” मावशी म्हणाली. “तो अंगठा जळाला. आता ते दार कोणालाच उघडणार नाही.” एवढाच तिला आधार होता.

खंडेनवमीला सकाळी तिचा फोन आला. “भाऊजी, ते शिंगाच्या मुठीचं घेऊन जा. मी हॅमर खाली करून ठेवते. जेवून येते, तर पुन्हा ओढलेला…”

मी हसलो. पिरंगुटला झेंडू घेतला, मुठ्याला गेलो, मागच्या दाराने ते घेऊन आलो. हाव होती, दुसरं काय! संध्याकाळी पाटावर माझी सगळी मांडली, हळदकुंकू वाहिलं. त्याला कुंकू लावताना माझा अंगठा त्या खळग्यात गेला आणि फिट्ट बसला. मी हॅमर ओढला. खरं सांगू? ओढायचं मनात नव्हतं.

नंतर फोन उघडेना. अंगठा ओळखेना. वाटलं, कुंकू लागलंय. साबणाने धुतला, दगडाने घासला. तरी नाहीच. आणि अंगठ्याला एक वास यायला लागला, बंदुकीचं तेल आणि तंबाखू. तंबाखू मी आयुष्यात खाल्लेली नाही. ती कोण खायचं, तुला माहीत आहे.

मी घाबरलो. दसऱ्याच्या दिवशी आपट्याची पानं घेतली, ते फडक्यात गुंडाळलं आणि दुपारीच मुठ्याला निघालो. सोनं द्यायचं, हेही परत द्यायचं, सुटायचं. बंगल्यापाशी ऊन रणरणत होतं. एक पाखरू ओरडत नव्हतं. मला मागच्या दाराने जायचं होतं, अनिमेष, शपथेवर सांगतो. पाय पुढच्या पायऱ्या चढले. अंगठा कुलपावर टेकला.

हिरवा दिवा लागला. दार उघडलं.

मावशी ताटात श्रीखंड वाढत होती. तिने वर पाहिलं आणि ताट सुटलं. मी कसा आत आलो, हे तिने विचारलंच नाही. भिंतीशी जाऊन खाली बसली, दोन्ही हात डोक्यावर घेतले. “मी कुठं गेले नव्हते हो… मागच्या दारातच उभी होते… मारू नका…”

भाऊजी म्हणाली नाही ती मला.

मागून नथू आला. हातात कोयता. हळूच म्हणाला, “सायेब, म्हागं सरा. बाईस्नी हात लावू नगा… त्ये खाली ठिवा आधी.”

तेव्हा मी माझ्या हाताकडे पाहिलं. फडकं जमिनीवर होतं. नळी तिच्या कपाळाकडे होती, हॅमर पूर्ण ओढलेला. मुकंच होतं रे ते! पण ट्रिगर दाबायची इच्छा… ती मला झाली होती. इतका राग मला कधी कोणाचा आला नाही, आणि तोही त्या बिचारीचा.

नथू कोयता उगारून पुढे आला, तेव्हा कुठे मी पळालो. ते टेमघर धरणाच्या पाण्यात भिरकावलं. त्याच दिवशी नथूने मावशीला तिथून हलवलं. कुठे, ते मला कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

कपाट विकून टाका, जाळा, काहीही करा. मला काही नको. रिव्हॉल्वर पाण्यात गेलं, पण हे बघ… बसल्या बसल्या अंगठा मागे जातो, ओढल्यासारखा. कान दे… टक… टक… ऐकू आलं ना? हात रिकामा आहे माझा.

म्हणून तुझ्याकडे एकच मागणं आहे. मावशीचा पत्ता मला सांगू नकोस. मी कितीही गोड बोलून विचारला, तरी नाही.

असा काय बघतोस? बोल ना.

“काका… मघाशी मी आल्या आल्या तुम्ही तेच तर विचारलंत. मी सांगितलं सगळं. सोसायटी, मजला…” अनिमेष दाराकडे सरकत म्हणाला, “दाराला कुलूप कसलं आहे, तेसुद्धा.”