भिंतीकडची जागा

ही गोष्ट खरी आहे. ब्रायडी हॅनन त्या वेळी तिथंच होती, आणि ब्रायडी फक्त मासे विकतानाच खोटं बोलते.

लंडन, व्हाइटचॅपेल. १८८९च्या नोव्हेंबरातली, धुक्यानं भरलेली एक पहाट.

आमच्या गल्लीच्या टोकाला दोराचा निवारा होता. ज्यांना पलंग परवडत नसे ते तिथं लांब बाकावर ओळीनं बसत आणि छातीसमोर ताणलेल्या दोरावर अंग टाकून झोपत. पाच वाजता रखवालदारानं हाक मारायची, मग दोर सोडायचा, असा रिवाज.

रखवालदार सायलस प्राउट हाक मारत नसे. चाळीस माणसं एकदम तोंडावर आपटताना पाहण्यात जी मजा होती, ती त्याला नाटकातही मिळत नव्हती.

"गोण्या आहेत नुसत्या," तो म्हणे. "गोण्यांना कसली हाक?"

सोमवारी रात्री भिंतीकडच्या जागेवरचा म्हातारा हमाल त्याला म्हणाला, "साहेब, छाती अधू आहे माझी. दोर सोडायच्या आधी नावानं हाक मारा. माझं नाव..."

प्राउटला तेवढ्यात मोठी जांभई आली. नाव त्या जांभईत गेलं.

"मारतो हं, राजेसाहेब. तुतारीसुद्धा फुंकतो."

पहाटे दोर सुटला. एकोणचाळीस माणसं शिव्या देत उठली.

म्हातारा उठला नाही.

"आळशी जात मेली," असं म्हणत प्राउटनं त्याला बुटानं ढोसलं. मग बूट मागे घेतला. प्रेत न्यायला आलेल्यांनी नाव विचारलं, तेव्हा त्यानं खांदे उडवले.

दुसऱ्या पहाटे भिंतीकडची जागा रिकामी होती. तिथं कोणी बसलंच नव्हतं.

प्राउटनं गाठ सोडली.

दोर... पडला नाही.

सुटं टोक त्याच्या हातात लोंबत होतं, आणि दोर तसाच ताठ. भिंतीकडे तर तो खाली वाकला होता. कोणीतरी भार टाकावा तसा.

मग त्या रिकाम्या जागेतून... घोरणं ऐकू आलं.

चाळीसच्या जागी एकोणचाळीस माणसं, सगळी जागी. कोणी हलेना.

प्राउटनं दोर ओढला, लोंबकळला, सुरी चालवली. सुरीची धार गेली. सहाला मालक येणार होता. खोली रिकामी नसली आणि दोर गुंडाळलेला नसला, की रखवालदाराची रवानगी त्याच बाकावर, हे मालकानं बजावून ठेवलेलं.

"हाक मारायची राहिली ना, साहेब," ब्रायडी टोपली सावरत म्हणाली. "मारा की."

"नाव काय त्याचं?"

"तुम्हालाच सांगितलं होतं त्यानं. आम्हा गोण्यांना कोण सांगतंय?"

प्राउटनं घसा साफ केला. "जॉर्ज! ...एनॉक! ...वॉल्टर!"

दोर ताठ.

बायबलातली नावं संपली. राजांची संपली. पावणेसहा वाजले. घोरणं सुरूच.

"आता तुमचंच तेवढं राहिलं बघा," ब्रायडी म्हणाली. ती थट्टा करत होती.

प्राउट पुटपुटला, "सायलस प्राउट."

घोरणं थांबलं.

दोर... अलगद खाली आला.

मालक आला, खोली पाहून मान डोलावून गेला. नोकरी वाचली.

तेव्हापासून प्राउट रोज प्रत्येकाला नावानं उठवतो. "मिस्टर डॉसन, उठा बरं. ब्रायडीबाई, पाच वाजले." पाद्री म्हणतात, माणूस सुधारला. छे! भ्यालेला आणि सुधारलेला लांबून सारखेच दिसतात.

शेवटी भिंतीकडे वळून तो स्वतःचं नाव घेतो. म्हाताऱ्याला आता तेच नाव चिकटलंय; ते घेतलं, मगच दोर पडतो.

गेल्या मंगळवारीही त्यानं घेतलं.

आणि भिंतीकडून... "ओ" आली.

ब्रायडी शपथेवर सांगते, आवाज हुबेहूब प्राउटचा होता. आणि प्राउट तर तोंड घट्ट मिटून, छातीवर हात दाबून उभा होता.

ती आता पुलाखाली झोपते. मी हे लिहितोय, पण पाठ भिंतीला टेकवलेली नाही.