पुढे पस्तीस, मागे पासष्ट

"मागच्या दोन्हींतली नऊ-नऊ पौंड हवा सोडा," तो खिडकीतूनच म्हणाला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

धुक्यातून आधी कोबीचा वास आला होता, मग गाडी. थापबेक डोंगरावरून कोबी भरून उतरणाऱ्या पिकअप आमच्या पंक्चरच्या दुकानासमोर थांबतात. घाट तिथेच संपतो, आणि ड्रायव्हर लोकांना आपण जिवंत आहोत हे तिथे पहिल्यांदा कळतं. या गाडीच्या हौद्यावर लोखंडी पिंजरा होता, पिंजऱ्यात माणसाच्या दुप्पट उंच रचलेला कोबी, आणि त्या कोबीवर अजून डोंगरावरचं दव होतं...

मी मागच्या टायरला मीटर लावलं. चौऱ्याहत्तर.

"बघा! सकाळी पासष्ट भरली होती. आता फुटणार."

"सोडणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"टायर तापलाय. तापला की आकडा चढतो. आत्ता सोडली तर गार झाल्यावर कमी पडेल, आणि मग खरंच फुटेल. हवा मोजायची ती गार टायरची. बसा तासभर."

"तासभर? कोबी कोमेजेल हो!"

"दवातला कोबी तासाभरात कोमेजत नाही. ड्रायव्हर कोमेजतात. बसा."

तो बसला. मोठ्या बंडखोरीच्या तयारीने खाली उतरला होता, पण बसला. बाकावर गोड चिंचांची टोपली होती, ती मी त्याच्याकडे सरकवली. कुठल्याही गिऱ्हाइकाकडे सरकवली असती, असं मी त्या दिवशी स्वतःला सांगितलं.

"तुमचं जन्मसाल कुठलं?" चिंच सोलत त्याने विचारलं.

आमच्याकडे याला आगाऊपणा म्हणत नाहीत. वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक काय मारणार? तो दोन वर्षांनी मोठा निघाला. नाव येंग, म्हणजे माझ्यासाठी पी येंग. 'पी' म्हणजे थोरला भाऊ. सख्ख्या भावालाही पी, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्यालाही पी. घोटाळा कधी होत नाही, आवाजावरून कळतं.

"मग तू नोंग, धाकटी. नोंग काय?"

"रांफाई."

"आणि ही टायरची विद्या कुठे शिकलीस, रांफाई?"

"तुमच्याच गाडीत लिहिलंय. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर. किती वजनाला किती हवा, सगळा तक्ता आहे."

त्याने उठून दार उघडलं. तक्त्यावर भिक्खूंनी मंत्रून दिलेला वाघ चिकटवलेला होता. जवळजवळ प्रत्येक गाडीत तो तिथेच असतो. कारखान्याने ड्रायव्हरच्या रक्षणासाठी जो कागद लावला, त्याच्यावर ड्रायव्हर स्वतःच्या रक्षणासाठी दुसरा कागद लावतो.

मी नखाने वाघाची एक कड उचलली. तोही वाकून बघायला लागला. त्याच्या बाहीला लाकडाच्या धुराचा वास होता, आणि... असो. तक्त्यात पुढच्या टायरला पस्तीस होते. मागे, माल असेल तर पासष्ट, गाडी रिकामी असेल तर पस्तीस.

"रिकामी असली की पस्तीसच? मी तर जाता-येता पासष्टच ठेवतो."

"म्हणूनच परत चढताना ढुंगण उडतं."

"कुणाचं?"

"...गाडीचं."

तो इतका हसला की शेजारी शेवयांचं दुकान चालवणाऱ्या सावित मावशींनी रस्सा ढवळता ढवळता वळून पाहिलं.

तासाने आकडा सहासष्ट आला. त्याने हात जोडले, खिशात पैसे चाचपले, मी नको म्हटलं. मग तो पिंजऱ्यावर चढला आणि वरचा एक कोबी काढून त्याने माझ्या हातात ठेवला. प्रेमात गुलाब द्यावा असा जगाचा संकेत आहे. पण गुलाबाची भाजी होत नाही.

त्यानंतर तो रोज येऊ लागला, आणि तोही दोनदा. सकाळी भरलेला, दुपारी रिकामा. सकाळी हवा तपासायची, दुपारी पस्तीसवर आणायची, आणि दोन्ही वेळा टायर गार व्हायला थांबायचं. त्या तासांत धुकं सावकाश वर सरकायचं, चिंचेच्या झाडांचे शेंडे एकेक करून मोकळे व्हायचे, आणि आम्ही बोलायचो... किंवा बोलायचोही नाही. टायर गार होण्याचा आवाज येत नाही. पण त्या दिवसांत मला तो ऐकू यायचा, शपथ!

"फाई, एक विचारू?" एकदा सावित मावशी रस्त्यापलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "बाकीच्या ड्रायव्हरांचे तू तापल्या टायरचे आठ-दहा पौंड वजा धरतेस आणि दोन मिनिटांत त्यांना वाटेला लावतेस. मग ह्या एकट्याचेच टायर गार का व्हावे लागतात गं?"

मी नळी गुंडाळायला लागले. गुंडाळलेलीच होती, ती सोडून पुन्हा गुंडाळली.

येंग चिंच चघळत शांतपणे म्हणाला, "मावशी, मला दुसऱ्याच दिवशी वरच्या मेकॅनिकने सांगितलं होतं."

"मग बोलला नाहीस?"

"कशाला बोलू? बसायला बाक आहे."

धुकं त्या दिवशी फार वेळ हललं नाही. निदान मला तरी तसं वाटलं.

डिसेंबर लागला. वर डोंगरावर ह्मोंग लोकांचं, म्हणजे येंगच्या लोकांचं, नवं वर्ष जवळ आलं. तेव्हा पोरं-पोरी समोरासमोर रांगा करून चेंडू झेलतात, आणि चेंडू पुन्हा पुन्हा एकाच हातात पडू लागला की घरचे लग्नाचं बोलू लागतात. येंग त्या दुपारी चिंचेला हात न लावता बसला होता.

"आई म्हणते, यंदा सून घरात आली पाहिजे."

"आणा की. कोण नको म्हणतंय?"

"वर यायला लागेल, फाई. आमच्यात सून वर नांदायला येते."

"आमच्यात जावई खाली येतो." मी आत पाहिलं. बाबा गुडघ्याला तेल चोळत होते. तो गुडघा गेल्या वर्षापासून वाकत नाही, आणि न वाकणाऱ्या गुडघ्याने गाडीखाली शिरता येत नाही. "पी, मी नाही यायची वर. आले तर हे दुकान महिन्यात बंद पडेल, आणि बाबा दोन महिन्यांत."

"माहीत आहे. मी आईला तेच सांगितलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, डोंगरावरून कोबी खाली जातो. मुलगा नाही."

बाईचं बोलणं नेमकं होतं. मला ती तिथेच थोडी आवडली, आणि तिची भीतीही वाटली.

मग तो आठ दिवस आलाच नाही. वरून उत्सवाचे ढोल ऐकू यायचे... की नुसतीच हवा होती, कोण जाणे. मी इतर ड्रायव्हरांच्या टायरांचे आकडे चुकवायला लागले. एकाला पुढे पासष्ट आणि मागे पस्तीस भरून दिली. तो अर्ध्या रस्त्यातून परत आला आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाला, "काका, हिचं लग्न तरी लावा, नाहीतर आमचं तेरावं घाला."

नवव्या दिवशी सकाळी येंग आला. मोटारसायकलवर. दूर, रस्त्याच्या कडेलाच उभा राहिला.

"एक हिशेब सांग," तो म्हणाला. "रविवारी पिकअप खाली आणायची आहे. कोबी नाही, माणसं. आई, मोठा भाऊ, बोलणी करणारे दोन मामा, त्यांची शकुनाची काळी छत्री, तीन काकू, मी. आणि दोन कोंबड्या. मागे किती हवा भरू?"

मी हातातली नळी खाली ठेवली.

"चेंडू कुणी झेलला?"

"मी रांगेत उभाच राहिलो नाही. आई आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. काल म्हणाली, चल, बघते तरी, असं काय आहे त्या पंक्चरवालीत."

"आणि... वर की खाली?"

"त्याबद्दल तिने एक शब्द काढला नाही. मलाही माहीत नाही, फाई. माझं तिला सांगून झालंय."

"मागे पंचेचाळीस," मी म्हटलं. "पुढे पस्तीस. जास्त भरू नका, माणसं कोबीपेक्षा हलकी असतात."

रविवारी ती गाडी आम्हाला दिसण्याआधी ऐकू आली. येंगच्या आईने पंचेचाळीस मानली नव्हती. लेकाच्या लग्नाच्या बोलणीला जाताना घराण्याची गाडी अर्धवट हवेने जाणार? पासष्ट भर! घाटातल्या खाचखळग्यांत घराणं उड्या मारत उतरलं. छत्री उघडून उलटी झाली होती, मामांनी एकमेकांना मिठ्या मारलेल्या होत्या, आणि कोंबड्यांनी वाटेत दोन अंडी घातली होती.

आई कमरेवर हात ठेवून उतरली. गळ्यात चांदीची जड हासळी, डोळे माझ्यावर. "हवा कुणी सांगितली होती?"

"मी. पंचेचाळीस."

तिने मागच्या टायरावर पाय आपटून पाहिला. "बरोबर सांगितली होतीस," ती म्हणाली आणि आत गेली.

आतली बोलणी दुपारपर्यंत चालली. मला बोलावलं नाही. सावित मावशी शेवयांची ताटं घेऊन आत जात होत्या आणि प्रत्येक वेळी बाहेर येताना माझ्याकडे न बघता नुसती मान हलवत होत्या. हो की नाही, त्या मानेवरून काही कळेना. मी बाहेर बाकावर बसले होते. एकदा बाबांचा आवाज आला, एकदा येंगच्या आईचा...

शेवटी सगळे बाहेर आले. मामा हौद्यात चढले, काकू चढल्या, कोंबड्या मात्र आमच्या अंगणातच राहिल्या. भाऊ स्टेअरिंगवर बसला. येंगची आई माझ्याजवळ आली आणि मागच्या टायराकडे बोट दाखवून म्हणाली, "आता तू सांगशील तेवढी."

मी गुडघ्यावर बसले, व्हॉल्व्हचं टोपण काढलं. मीटर लावलं.

"किती माणसं?" मी विचारलं.

तिने हौद्याकडे पाहिलं. एकेका डोक्यावर बोट ठेवत हळूहळू मोजलं. मग दाराकडे पाहिलं, तिथे येंग माझ्या बाबांना काखेत हात घालून पायरी उतरवत होता. तिच्या गळ्यातली हासळी एकदा वर झाली, खाली झाली.

"आलो त्याहून एक कमी," ती म्हणाली.