चहा ठेव, पोचतोच

यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नये. पण कात्रजच्या एका फ्लॅटमध्ये मेलेला माणूस चारही खोल्यांतून एकदम बोलला. ते ऐकून घर बघायला आलेलं जोडपं असं पळालं, की त्यातल्या बाईंची एक चप्पल थेट सर्पोद्यानात सापडली. नागानं ती हुंगून परत केली म्हणतात.

"चप्पल राहू द्या," खासगी गुप्तहेर महिपती म्हणाला. "मेलेला माणूस नेमकं काय बोलला?"

समोर बसलेल्या धम्मदीपनं घाम पुसला. तो हिंजवडीत नोकरीला होता आणि भुताखेतांवर विश्वास ठेवणं त्याला पदवीमुळे परवडत नव्हतं. "बाबांचाच आवाज. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन. म्हणाले, 'घर विकायचं नाही म्हणजे नाही. चहा ठेव, पोचतोच.'"

महिपतीचा मित्र उत्तरेश्वर खुर्चीच्या कडेवर सरकला. "पोचतोच? म्हणजे कधी?"

उत्तरेश्वरची बुद्धी सावकाश चालायची. भीती मात्र धावत पुढे जायची.

गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून धम्मदीपनं दिवाणखाना, दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर अशा चारही ठिकाणी बिनतारी स्पीकर बसवले होते. फोनवर गाणं लावलं की घरभर एकसुरात वाजायचं. घर विकून मांजरी उपनगरातल्या नव्या टॉवरमध्ये जायचा त्याचा बेत होता. घर मात्र आईच्या नावावर.

"स्पीकर बसवणाऱ्या योगेशचंच काम आहे," तो म्हणाला. "त्याच्या भावाला हे घर स्वस्तात हवं होतं. तुम्ही पुरावा द्या, मी त्याला पोलिसात देतो."

घरी धम्मदीपच्या आईनं, सुंदराबाईंनी, दार उघडलं. उत्तरेश्वर पंख्याखाली टेकला, मग भिंतीवरचा धम्मदीपच्या बाबांचा, सीतारामरावांचा, फोटो बघायला उठला, तोच पंखा थांबला. त्याचा श्वासही.

"माणूस उठला की बटण बंद," सुंदराबाई बटणाजवळून म्हणाल्या. "वीज काय झाडाला लागते?"

"हे स्पीकर तुम्ही लावता का, मावशी?" महिपतीनं विचारलं.

"मला मेलीला त्यातलं काय कळतंय?"

"आणि घर विकणं पटतंय?"

"नाही म्हणाले मी. तर म्हणे, आई, तू दमली आहेस, जरा पड."

योगेशला बोलावून घेतलं होतं. तो आधीच रडकुंडीला आला होता. "साहेब, आवाज आला तेव्हा मी बेडरूममध्ये स्टुलावर चढून स्क्रू आवळत होतो. उलट मलाच छळलंय इथे. कधीही या, स्वयंपाकघरातल्या स्पीकरचं बटण बंद! चालू केलं तरी वायफाय पकडायला त्याला वेळ लागतो."

"बाहेरून आवाज सोडता येतो?"

"छे. घरच्या वायफायवर असलेल्या फोनवरूनच."

धम्मदीपची बायको निकिता म्हणाली, "खरं सांगतोय तो. मीच स्टूल धरून उभी होते. धम्मदीप गिऱ्हाइकाला बाल्कनीतून टेकडी दाखवत होता. एकदम चारही स्पीकर बोलले. स्वयंपाकघरातला तर सगळ्यांत मोठ्यानं."

"स्पीकरना टायमर लावलाय?"

"नाही हो. पण शेजारच्या काकू म्हणतात, आम्ही कंपनीच्या बसनं गेलो की रोज घरभर बुद्धवंदना घुमते. मला वाटलं, टीव्ही असेल."

महिपतीनं सगळ्यांना दिवाणखान्यात बसवलं.

"भूतबीत काही नाही. 'चहा ठेव, पोचतोच' असं माणूस बायकोलाच कळवतो; दुसऱ्या कुणाला कळवेल तर चहाला मुकेल. सीतारामरावांनी कधीतरी एखाद्या दलालाला वाटेला लावून घरी येताना पाठवलेला हा व्हॉइस मेसेज आहे."

धम्मदीपनं आईकडे पाहिलं. आई पदराचं टोक बघत होती.

"आता बटण. स्वयंपाकघरातला स्पीकर एरवी बंद असतो. त्या दिवशी तो बाकीच्यांच्या बरोबरीनं बोलला. म्हणजे कुणीतरी आधी जाऊन बटण लावलं आणि तो जागा होईपर्यंत कळ काढली. तेव्हा योगेश स्टुलावर, निकिताताई स्टुलाखाली, धम्मदीप बाल्कनीत. आणि हो, मुलगा-सून बसमध्ये असताना, टायमर नसताना, घरभर वंदना लावणारं कुणीतरी या घरात आहेच."

उत्तरेश्वरच्या डोक्यात दिवा पेटला. त्यानं सुंदराबाईंकडे बोट उचललं, तोच महिपतीनं त्याचा पाय दाबला.

"तेव्हा गुन्हेगार," महिपती गंभीरपणे म्हणाला, "योगेश!"

उत्तरेश्वरचं बोट हवेतच राहिलं.

"राहता राहिल्या मावशी. पण या वयात चार स्पीकर जोडायचे, फोन चालवायचा... बिचारीला कुठलं जमतंय! धम्मदीप, लावा पोलिसांना फोन."

"खोटं!"

सुंदराबाई ताडकन उठल्या होत्या. "धडधडीत खोटं बोलताय तुम्ही! त्या पोराचा काही संबंध नाही. मेसेज माझा, बटण मी लावलं, चारही स्पीकर मी जोडले. व्हिडिओ बघून शिकले, कुणाच्या पाया नाही पडले. मी नाही म्हणत होते तेव्हा या घरात कुणाला ऐकू येत नव्हतं. मेलेल्या माणसाचं मात्र एका दमात ऐकलंत! आता जिवंत बाईचं ऐका. सही मिळणार नाही. आणि उठा सगळे, पंखा बंद करायचाय."